बिनसळईचे काँक्रीट : कुठे पुरते आणि कुठे दगा देते



२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, त्यानंतर आपल्या मंडळाचे अंगण आणि स्वयंपाकघरामागचे गटार आपण दुरुस्त करून घेतले. काम देण्यापूर्वी तीन ठिकाणची दरपत्रके मागवली, त्यांचा तुलनात्मक तक्ता केला आणि बिलावर बांधकाम उपसमितीच्या सह्या घेतल्या. आम्हा उपसमितीतल्या तिघांचाही जन्म बँकेत गेला. त्यामुळे कागद कसे चोख होते! पुढच्या वर्षी गणेशोत्सवाच्या महाप्रसादाच्या दिवशी त्याच गटारावरचे एक झाकण मोडले. आपले एक ज्येष्ठ सभासद नातीचा हात धरून चालले होते, त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि घोट्याचे हाड मोडले. नात एक पाऊल मागे होती, म्हणून वाचली. ते तीन महिने घरी पडून होते.

झाकणाचे तुकडे आम्ही उचलून पाहिले. आत सळईचा एकही तुकडा नव्हता. मग बिल काढले. त्यात स्वच्छ लिहिले होते, ‘पीसीसी कव्हर, दोन इंच’. म्हणजे कडियाने फसवले नव्हते. जे लिहिले होते तेच त्याने दिले होते. ‘पीसीसी’ या तीन अक्षरांचा अर्थ आम्ही विचारला नव्हता, एवढेच. त्यानंतर आम्ही जाणकार अभियंत्यांकडे बसलो, मानक संस्थेची पुस्तके चाळली आणि जे समजले ते सभासदांसमोर ठेवायचे ठरवले. घराची डागडुजी, पोर्च, टाकीचे झाकण, कंपाउंड अशी कामे आज ना उद्या प्रत्येकाच्या घरी निघतातच.

पीसीसी आणि आरसीसी

सिमेंट, रेती, खडी आणि पाणी एकत्र केले की काँक्रीट होते. त्यात सळई नसेल तर ते साधे काँक्रीट, म्हणजे बोलीभाषेतले पीसीसी. सळई घातली की ते आरसीसी. आपल्याकडे यासाठी आयएस ४५६ हे मानक आहे. त्याची २००० सालची आवृत्ती साध्या आणि सळईयुक्त अशा दोन्ही काँक्रीटसाठी लिहिलेली आहे. त्यामुळे ‘साधे काँक्रीट म्हणजे हलक्या प्रतीचे काम’ ही समजूत चुकीची ठरते. साध्या काँक्रीटला त्याची स्वतःची जागा आहे. ती ओळखता आली पाहिजे.

काँक्रीटची ताकद ‘एम’ या अक्षरापुढच्या आकड्याने सांगतात. एम-२० म्हणजे १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबला, तर त्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसला पाहिजे. चौरस सेंटिमीटरच्या हिशोबात हे सुमारे २०० किलो झाले. नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल! मग आमचे झाकण माणसाच्या पायाखाली कसे मोडले?

दाब आणि ताण

याचे उत्तर खडूत आहे. खडू टेबलावर उभा धरून अंगठ्याने दाबा, सहजासहजी तुटत नाही. तोच दोन टोकांना धरून वाकवा, काडकन तुटतो. काँक्रीटचा स्वभाव असाच आहे. दाब सोसण्यात ते पहिलवान आहे, ताण सोसण्यात मात्र अगदी दुबळे.

दोन टेकूंवर ठेवलेल्या फरशीवर वजन आले की ती किंचित वाकते. वाकताना तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा थर ओढला जातो. या ओढीला काँक्रीट किती टिकते, याचे सूत्र आयएस ४५६ मध्ये दिले आहे. ठोकळ्याच्या ताकदीचे वर्गमूळ काढून त्याला ०.७ ने गुणायचे. एम-२० साठी उत्तर येते सुमारे ३.१. म्हणजे दाबात २० असलेले काँक्रीट वाकताना ओढीत तीनावर येते. सरळ ओढून तोडायचे म्हटले तर ताकद याहूनही कमी भरते.

आमच्या झाकणाचा हिशोब अभियंत्यांनी करून दाखवला. लांबी तीन फूट, रुंदी दोन फूट, जाडी दोन इंच आणि मिश्रण १:३:६, म्हणजे चांगले झाले तर एम-१०. कागदावर असे झाकण मध्यावर सुमारे दोनशे किलो वजन पेलते. त्या दिवशी वाढप्यांपैकी दोघे आमटीचे भरलेले पातेले घेऊन त्यावरून गेले होते. ते गेले तेव्हा झाकण मोडले नाही, पण बहुधा तेव्हाच खालून तडकले. साध्या काँक्रीटमध्ये तडा पडला की त्या जागी ओढ सोसायला दुसरे काहीच उरत नाही. वरून मात्र काही दिसत नाही. पुढे येणारा साठ किलोचा माणूसही मग पुरतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आरसीसीत काँक्रीट तडकले तरी ओढ सळई घेते. स्लॅब आधी झोल खातो, भेगा दिसतात, गिलावा पडतो. तो बोलून दाखवतो आणि आपल्याला सावरायला वेळ मिळतो. वाकणाऱ्या जागी वापरलेले साधे काँक्रीट न बोलता मोडते.

जाडीचा हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाने बदलते. जाडी निम्मी केली की ताकद चौथाईवर येते, म्हणून चार इंचांऐवजी दोन इंच घातल्याने माल निम्मा वाचतो खरा, पण ताकद तीन चतुर्थांश जाते. अशा झाकणात आठ मिलिमीटरच्या सळ्यांची दोन्ही बाजूंची जाळी घातली तर वजन चार किलोच्याही आत भरते. चार किलो सळई वाचली आणि एका माणसाचे तीन महिने गेले.

साधे काँक्रीट कुठे पुरते

एक सोपी खूण आहे. जिथे काँक्रीट पूर्णपणे जमिनीवर निजलेले असते आणि त्याला फक्त दाबले जाते, तिथे ते पुरते. ताटात सपाट ठेवलेल्या खाकऱ्यावर वाटी ठेवली तरी तो टिकतो. तोच खाकरा एका कडेने हातात धरून वर वाटी ठेवून पाहा!

पहिली जागा म्हणजे पायाखालचा थर. खोदलेल्या खड्ड्यात आरसीसीचा पाया भरण्यापूर्वी तीन-चार इंच जाडीचे १:४:८ काँक्रीट पसरतात. या थरामुळे सळया मातीत रुतत नाहीत, त्यांच्याभोवती काँक्रीटचे पुरेसे आवरण राहते आणि वरच्या ओल्या मिश्रणातले पाणी माती शोषून घेत नाही. या थरात सळई घालण्याचे कारण नाही. कोणी दरपत्रकात इथे सळई धरली असेल, तर ती का, हे अवश्य विचारावे.

दुसरी जागा विटांच्या भिंतीखालची पट्टी. जुन्या पद्धतीच्या, भिंतींवर उभ्या असलेल्या घरांना रुंद पट्टीचा साधा काँक्रीट पाया चालतो. अट एवढीच, की भिंतीच्या बाहेर निघालेला भाग पट्टीच्या जाडीपेक्षा जास्त नको. वजन काँक्रीटमधून साधारण पंचेचाळीस अंशांनी पसरते. पट्टी त्याहून रुंद आणि पातळ केली की कडा वाकायला लागते आणि पुन्हा खडूची गोष्ट सुरू होते. मानकातले सूत्र तर याहून कडक आहे. एम-१५ काँक्रीट आणि दर चौरस मीटरला दहा टन दाब धरला, तर सहा इंच बाहेर निघालेल्या भागासाठी जाडी सात इंच लागते.

तिसरी जागा जमिनीवरचा कोबा आणि अंगण. नीट ठोकलेल्या भरावावर चार इंचांचा साधा कोबा माणसांच्या वर्दळीला पुरतो. काँक्रीट सुकताना आकसते, त्यामुळे भेगा पडणारच. त्या आपल्याला हव्या तिथे पाडायच्या. आठ ते दहा फुटांवर सांधे ठेवायचे किंवा दुसऱ्या दिवशी जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत काप द्यायचा, म्हणजे भेग त्या कापाखालीच लपते. काँक्रीटचे मोठे रस्तेही याच तत्त्वावर होतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे काँक्रीट बहुतेक असेच साधे, ठराविक अंतरावर सांधे दिलेले आहे. लोखंडी गज असतात ते सांध्यांत, एका लादीचे वजन पुढच्या लादीला पोचवण्यासाठी.

चौथी जागा म्हणजे प्रचंड वस्तुमानाची कामे. गुरुत्व धरणे नदीचे पाणी स्वतःच्या वजनाने थोपवतात, त्यांच्या अंगात जागोजाग सळई नसते. आणि सर्वांत जुना दाखला रोमचा. तिथल्या पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट जवळजवळ एकोणीसशे वर्षे सळईविना उभा आहे. त्याचा आकारच असा, की वजन मुख्यतः दाबाच्या रूपाने खाली उतरते. तळाशी तो अतिशय जाड आहे, वर पातळ होत गेला आहे आणि वरच्या थरात तर हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरला आहे. तरीही खालच्या भागात जिथे ओढ येते तिथे त्याला उभ्या भेगा आहेतच. जाड भिंतींनी त्या सांभाळून घेतल्या आहेत.

साध्या काँक्रीटचा एक मोठा गुणही सांगितला पाहिजे. आत लोखंड नाही, म्हणून गंजणारे काही नाही. आरसीसीत पाणी शिरले की सळई गंजते, फुगते आणि आवरण फोडून बाहेर येते. त्यामुळे जिथे गरज नाही तिथे सळई घालणे ही सुरक्षितता नव्हे. निकृष्ट काँक्रीटमध्ये, ओलसर जागी घातलेली सळई पुढच्या दुखण्याचे बीजच ठरते.

कुठे मुळीच चालत नाही

जे काम दोन टेकूंवर आडवे पडते, जे एका बाजूने अधांतरी असते आणि ज्याला बाजूने धक्का बसू शकतो, तिथे साधे काँक्रीट नको. स्लॅब, तुळई, दारा-खिडक्यांवरचे लिंटेल, छज्जा, बाल्कनी, जिन्याचा स्लॅब, टाकीचे आणि गटाराचे झाकण ही सगळी या यादीत येतात. खांबही येतो. खांबावर दाब असतो हे खरे, पण वारा, भूकंप किंवा एका बाजूला जास्त वजन आले की तो वाकतो.

आपल्या जुन्या पोळांतल्या घरांत दारांवर लाकडी पाट किंवा विटांची कमान दिसते. त्यामागे हेच कारण होते. लाकूड ओढ सोसते, आणि कमान ओढ येऊच देत नाही. काँक्रीटचे सपाट लिंटेल आले ते सळई आल्यावर.

छज्ज्याबद्दल एक खास सूचना. स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या बाजूला असते, कारण ओढ खाली येते. छज्जा आणि बाल्कनी एका बाजूने अधांतरी असतात, तिथे ओढ वर येते, म्हणून मुख्य सळई वरच हवी. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवरून चालले आणि सळई तळाशी दबली, तर बिलात आरसीसी असूनही तो छज्जा जवळजवळ पीसीसीच ठरतो. सेंट्रिंग काढताना छज्जे पडतात त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी तिथे उभे राहून सळई वर आहे ना, हे पाहणे कोणालाही जमते. त्याला इंजिनिअर असावे लागत नाही.

जमीन हलते तेव्हा

आतापर्यंत आपण धरून चाललो की जमीन स्थिर आहे. ती तशी नेहमीच राहत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोयना धरण १०३ मीटर उंच असून ते काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवून, म्हणजे रबल काँक्रीटचे बांधलेले. एरवी त्यावर दाबच असतो. पण भूकंपात धरणाचा माथा मागेपुढे हेलकावला, आणि दाबाच्या जागी क्षणभर ओढ आली. पाठीमागचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीवर धरणाच्या दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. धरण फुटले नाही, ही अभियंत्यांची आणि आपल्या सर्वांची पुण्याई. नंतर पाठीशी काँक्रीटचे भक्कम आधार देऊन ते बळकट करण्यात आले. एवढ्या अवाढव्य वस्तुमानाची ही गत, तर आपल्या साडेचार इंची कंपाउंडची काय कथा!

२६ जानेवारी २००१ ची सकाळ आपण बडोदेकर विसरू शकत नाही. भुजच्या त्या धक्क्याने इतक्या लांब आपली घरेही हलली होती. विटांच्या भिंतींवरच्या घरांना जोत्याच्या, लिंटेलच्या आणि छताच्या पातळीवर सलग आरसीसी पट्टा द्यावा, असे भूकंपासंबंधीची मानके सांगतात. पेटीला पट्टी बांधावी तसे हे पट्टे चारी भिंतींना एकत्र धरतात. खर्च वाचवण्यासाठी त्या पट्ट्यात सळई न घालता नुसते काँक्रीट ओतणे म्हणजे पट्ट्याऐवजी कागदाची पट्टी चिकटवण्यासारखे आहे. दिसायला पट्टा दिसतो, धरत मात्र काही नाही.

भूकंप नसला तरी आपल्याकडे काळी माती आहे. बडोद्याच्या पुष्कळ भागांत ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट ओतलेला कोबा कधी वर उचलला जातो, तर कधी खालून पोकळ होतो. पोकळ झाला की तो जमिनीवर निजलेला राहत नाही, दोन टेकूंवरचा स्लॅब होतो. पुरानंतर आपल्या अंगणात हेच झाले होते. पाण्याने भराव बसला, वरचा कोबा तसाच अधांतरी राहिला आणि खुर्च्या रचताना फुटला. उपाय काँक्रीटमध्ये नव्हता, खाली होता. काळी माती काढून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून ठोकला आणि मगच कोबा केला. दोन पावसाळ्यांनंतर सांध्यांखेरीज भेग नाही.

पाणी कमी, पाणी जास्त

साध्या काँक्रीटला सळईचा आधार नसतो, म्हणून त्याचे स्वतःचे अंग तरी बळकट हवे. ओतायला सोपे जावे म्हणून कामगार मिश्रणात पाणी वाढवतात. आयएस ४५६ मध्ये सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला पाण्याची कमाल मर्यादा दिली आहे. एम-१० ला ३४ लिटर, एम-१५ ला ३२ आणि एम-२० ला ३०. बादलीचे माप ठरवून दिले की हे सहज सांभाळता येते.

ओतताना पाणी कमी लागते, ओतल्यानंतर जास्त. साधे पोर्टलँड सिमेंट असेल तर किमान ७ दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवायचा आणि कोरड्या-उष्ण हवेत किमान १०. हल्ली बाजारात बहुधा राखमिश्रित सिमेंट मिळते, त्याला किमान १० दिवस हवेत, १४ दिले तर उत्तम. सकाळी एकदा पाइप मारून निघून जाणे म्हणजे ओले ठेवणे नव्हे. गोणपाट अंथरून ते ओले ठेवावे किंवा कडेने पाळ घालून पाणी साठवावे.

दरपत्रक वाचताना

आता उपसमिती प्रत्येक बांधकामाच्या दरपत्रकाला पाच प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा.

१. हे काम पूर्ण जमिनीवर टेकलेले आहे की कुठे अधांतरी आहे? अधांतरी असेल तर ‘पीसीसी’ शब्द दिसताच थांबा.

२. जाडी आणि मिश्रणाचे प्रमाण आकड्यांत लिहिले आहे का? ‘योग्य जाडीचे काँक्रीट’ हे उत्तर नव्हे.

३. सळई असेल तर तिचा व्यास, अंतर आणि ती वर आहे की खाली, हे कोणी ठरवले? त्यावर अभियंत्याची सही आहे का?

४. खालची माती कोणती आणि भराव कसा ठोकणार?

५. पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची आणि किती दिवस?

आम्ही बँकेत असताना घरकर्जाच्या फायलीत मूल्यांकनाचा अहवाल पाहायचो, त्यावरची तारीख आणि शिक्का तपासायचो. त्या अहवालात लिहिलेल्या भिंती आणि स्लॅब कशाचे आहेत, हे विचारणे आमचे काम नाही असे वाटे. मंडळाच्या झाकणावरही आम्ही तशीच सही केली. रक्कम बरोबर होती, बेरीज बरोबर होती, पण वस्तू चुकीची होती.

गटारावरची सगळी झाकणे आता बदलली आहेत. नवी चार इंच जाडीची आहेत आणि प्रत्येकात जाळी आहे. काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक झाकणाच्या जाळीचा फोटो काढून बिलाला जोडला आहे. ते ज्येष्ठ सभासद आता काठी घेऊन पुन्हा मंडळात येऊ लागले आहेत. पहिल्या दिवशी ते त्या गटारापाशी थांबले, काठीने झाकण दोनदा ठोकले आणि आमच्याकडे पाहून मगच पुढे गेले.